एकटीची साक्ष आणि अपिलाचे कागद

डिचोली तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पुतणीवरील अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवून सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. आरोपीने आता पर्वरीला उच्च न्यायालयात अपील दाखल केले आहे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही, अंगावर जखमांच्या खुणा नाहीत आणि पोलिसांनी घेतलेला जबाब व न्यायालयातील साक्ष यांत दोन-तीन ठिकाणी तफावत आहे, म्हणून वर गेल्यावर हा निकाल टिकणार नाही, असे गावातील जाणती माणसे त्यांना सांगतात. मुलीला पुन्हा साक्षीसाठी उभे राहावे लागेल का, आणि तिच्या एकटीच्या शब्दाला अपिलात किती किंमत असते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

गोव्यातील फौजदारी न्यायालयांत मी २६ वर्षे वकिली करते आहे. या काळात अशा खटल्यांत आरोपींच्या वतीने उभी राहिले आहे आणि पीडितांच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्यही केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हे कागद वाचण्याची मला सवय आहे. आपल्या पुतणीच्या खटल्याचे कागद मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही, आणि कागद न पाहता जो ते सांगतो त्याच्यावर आपण विश्वास ठेवू नये. मात्र अपिलाचे न्यायालय अशी साक्ष कशी तोलते, हे नक्की सांगता येईल.

आधी मुलीची काळजी दूर करते. तिला सहसा पुन्हा साक्ष द्यावी लागत नाही. अपील म्हणजे नव्याने खटला चालवणे नव्हे. जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला कायद्याने आहे, परंतु तो क्वचितच वापरला जातो, आणि पीडितेला पुन्हा बोलावण्याच्या बाबतीत तर न्यायालये विशेष सावध असतात. दिल्लीतील एका टॅक्सीचालकाविरुद्धचा खटला अजून खालच्या न्यायालयात चालू असताना पीडितेसह १३ साक्षीदारांना फेरतपासणीसाठी बोलावण्याची परवानगी तेथील उच्च न्यायालयाने दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ती रद्द केली. वकील बदलला आणि नव्या वकिलाला आणखी प्रश्न विचारावेसे वाटले, एवढे कारण पीडितेला पुन्हा त्या पिंजऱ्यात उभे करायला पुरत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

अपिलात न्यायमूर्तींसमोर जे असते त्याला आम्ही पेपर बुक म्हणतो. त्यात दोषारोप, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, आरोपीने न्यायाधीशांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आणि शेवटी निकालपत्र असते. सत्र न्यायाधीशांनी मुलीला पाहिलेले असते. कोणत्या प्रश्नाला ती थांबली, कोणत्या प्रश्नाला तिने मान खाली घातली, कोणते उत्तर तिने चटकन दिले, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले असते. उच्च न्यायालयाच्या हाती यातले काहीच येत नाही, येतो तो कागद. म्हणूनच साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही याविषयी खालच्या न्यायाधीशांचे जे मत झाले असेल त्याला अपिलात वजन द्यावे, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९३४ साली शिवस्वरूप खटल्यात सांगितले, आणि ते सूत्र आजही चालते. साक्षीदाराच्या वागण्याविषयी न्यायाधीशांनी शेरा नोंदवावा अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २८० मध्ये होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. माझ्या अनुभवात असे शेरे फार थोड्या साक्षींवर आढळतात. ‘साक्षीदार रडू लागल्याने कामकाज १० मिनिटे थांबविले’ एवढी एक ओळ जिथे असते, तिथे तिचा अपिलात किती उपयोग होतो ते मी पाहिले आहे.

ही गोष्ट किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण राजस्थानातील आहे. १९८६ साली एका लहान मुलीवर अत्याचार झाला. न्यायालयात तिला घटनेविषयी विचारले तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते नोंदवले गेले. सत्र न्यायालयाने १९८७ साली इतर पुराव्यावर आरोपीला दोषी धरले. उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याला सोडून दिले, त्यात मुलीने साक्षीत काही सांगितले नाही हेही एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती दोषसिद्धी पुन्हा कायम केली. मुलीचे मौन हे प्रौढ साक्षीदाराच्या मौनासारखे वाचता येत नाही, ते तिच्यावर झालेल्या आघातातून आलेले आहे, वैद्यकीय आणि परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा असताना त्या मौनाचा फायदा आरोपीला देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. घटनेपासून अखेरच्या निकालापर्यंत सुमारे ३९ वर्षे गेली, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे गोव्यात या कागदाला आणखी एक अडचण आहे. मुलगी बोलते कोकणीत, कधी मराठीत, बाहेरगावची असली तर हिंदीत किंवा कन्नडमध्ये. न्यायाधीश ते ऐकून इंग्रजीत सांगतात आणि लघुलेखक ते टंकित करतो. अपिलात वाचला जातो तो इंग्रजी मजकूर. एका जुन्या खटल्यात मुलीने सांगितले होते, ‘म्हाका लज दिसली.’ कोणत्याही गोवेकराला यातला अपमान आणि संकोच दोन्ही ऐकू येतात. कागदावर मात्र ‘आय फेल्ट शाय’ असे उतरले होते. अपिलात आरोपीच्या वकिलांनी त्या एका शब्दावर बराच वेळ युक्तिवाद केला की हे लाजणे संमतीच्या जवळचे आहे. न्यायमूर्तींनी विचारले की तिने मूळ शब्द कोणता वापरला होता, आणि त्याचे उत्तर नोंदीत नव्हते. पुढे त्याच साक्षीत, त्याच रात्री तिने थोरल्या बहिणीला रडत रडत सर्व सांगितल्याचे आले होते आणि बहिणीने स्वतःच्या साक्षीत ते जसेच्या तसे सांगितले होते, त्यामुळे तो युक्तिवाद टिकला नाही. लहान मुलांच्या साक्षीत तर ‘हात लायलो’, ‘वायट काम केलें’ असे शब्द येतात. त्यांचा नेमका अर्थ मुलाकडून तिथल्या तिथे विचारून घेतला नाही, तर विनयभंग, लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष अत्याचार यांतले कोणते कृत्य सिद्ध झाले, हा प्रश्न वर्षानुवर्षांनी पर्वरीत उभा राहतो, आणि तेव्हा विचारायला कोणी समोर नसते. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना मी नेहमी सांगते की साक्षीतला कळीचा शब्द मूळ भाषेत अवतरणचिन्हांत नोंदवून घेण्याची विनंती न्यायाधीशांना करा. ती विनंती सहसा नाकारली जात नाही.

आता एकटीच्या शब्दाविषयी. कोणतीही वस्तुस्थिती सिद्ध करण्यास ठरावीक संख्येने साक्षीदार लागत नाहीत, हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३४ मध्ये होते आणि आताच्या साक्ष्य अधिनियमातही आहे. तरीही लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात स्त्रीच्या शब्दाला दुसरीकडून पुष्टी हवी, अशी समजूत न्यायालयांत दीर्घकाळ होती, जणू ती गुन्ह्यातली साथीदारच आहे. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात, ८ वर्षांच्या मुलीच्या साक्षीच्या संदर्भात, पुष्टी हा कायद्याचा नियम नसून सावधगिरीचा भाग आहे आणि परिस्थिती तशी असेल तर तिची गरजही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र ही समजूत पुढे अनेक वर्षे चालत राहिली.

तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आमच्या पिढीतील वकिलांनी पाठ केलेला आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. साक्ष तीच, कागद तेच, आणि तीन न्यायालयांची वाचने वेगवेगळी. नागपूर खंडपीठाने म्हटले होते की भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराच्या खुणा नाहीत यावर भर दिला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या विशिष्ट परिस्थितीत शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम ११४-अ आले. तेच आता साक्ष्य अधिनियमात कलम १२० आहे.

त्याच १९८३ साली भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात, पुष्टी नाही म्हणून स्त्रीची साक्ष नाकारणे म्हणजे झालेल्या जखमेवर अपमानाची भर घालणे होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९९० साली नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात, अशा स्त्रीचा दर्जा साथीदाराचा नसून जखमी साक्षीदाराचा आहे, हे स्पष्ट झाले. तिथेही उच्च न्यायालयाने दिलेली सुटका सर्वोच्च न्यायालयाने उलटवली होती. आणि १९९६ चा गुरमित सिंग निकाल तर आपल्या प्रश्नाशी अगदी जवळचा आहे. परीक्षेहून परत येणाऱ्या शाळकरी मुलीला तिघांनी मोटारीत ओढून नेले होते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडताना दिलेल्या कारणांत, तिला मोटार कोणत्या बनावटीची होती हे सांगता आले नाही, हेही एक होते. फियाट, अॅम्बॅसॅडर की आणखी कोणती, हा भेद खेड्यातल्या मुलीला करता आला नाही म्हणून तिच्यावर झालेल्या अत्याचाराचे कथन खोटे कसे ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा सवाल होता. साक्ष तुकड्यातुकड्याने तपासू नका, खटल्याच्या एकंदर संभाव्यता पाहा आणि किरकोळ विसंगतींवर ती फेकून देऊ नका, असे न्यायालयाने त्या निकालात बजावले.

इथून आपल्या ‘दोन-तीन ठिकाणच्या तफावती’कडे येते. माझ्या मते सर्व अपिलांचा खरा गाभा हाच असतो, आणि इथेच गावातील जाणत्या माणसांची गल्लत होते.

पोलिसांनी घेतलेला जबाब हा पुरावा नसतो. साक्षीदाराच्या बोलण्यातला विरोध दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग करता येतो, आणि तोही ठरलेल्या रीतीने. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासात साक्षीदाराला जबाबातला तो नेमका भाग दाखवावा लागतो, ‘असे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का’ असे विचारावे लागते, तो भाग ‘ए’ असा खुणावून ठेवावा लागतो आणि पुढे तपास अधिकारी साक्षीला आला की त्याच्याकडून तो सिद्ध करून घ्यावा लागतो. जबाबात एखादी गोष्ट नव्हतीच, ती न्यायालयात प्रथमच आली, असे म्हणायचे असेल तर ती गोष्ट इतकी महत्त्वाची असली पाहिजे की ती न सांगणे म्हणजेच विरोध ठरावा; तहसीलदार सिंग खटल्यात १९५९ साली याची सविस्तर चर्चा झाली आहे. हे सर्व खालच्या न्यायालयात केलेले नसेल, तर अपिलात दोन कागद शेजारी ठेवून फरक दाखवण्याला फारसा अर्थ उरत नाही. कितीतरी अपिलांत मी हे पाहिले आहे: लांबलचक तक्ता तयार केलेला असतो आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक बाबी साक्षीदाराला कधी विचारलेल्याच नसतात. म्हणून त्या दोन-तीन तफावती उलटतपासात विचारून सिद्ध केल्या होत्या का, हे आपण सर्वांत आधी पाहून घ्यावे.

सिद्ध झालेली तफावत मग गाभ्याला लागते की कडेला, हे पाहिले जाते. एका अपिलात तीन फरक होते. पोलीस जबाबात वेळ साडेसात होती, साक्षीत तिने ‘तिन्हीसांजेला, दिवे लागल्यावर’ असे सांगितले. जबाबात स्कूटर काळी होती, साक्षीत निळी. आणि जबाबात आरोपीने ‘दरवाजाला आतून कडी लावली’ असे होते, साक्षीत मात्र ती म्हणाली की त्याने दरवाजा नुसता ओढून घेतला. पहिल्या दोन्ही बाबी न्यायमूर्तींनी काही मिनिटांत बाजूला ठेवल्या. तिसरीवर बराच वेळ गेला, कारण कडी नसेल तर ती बाहेर का पळाली नाही, हा आरोपीचा मुख्य मुद्दा होता. तेव्हा घटनास्थळाचा पंचनामा काढून वाचला गेला. त्यात दरवाजाची आतली कडी तुटलेली असल्याची नोंद होती, आणि ती नोंद घटनेच्या दुसऱ्याच दिवसाची होती. म्हणजे मुलीची न्यायालयातील साक्षच वस्तुस्थितीशी जुळत होती, आणि ‘आतून कडी लावली’ हे वाक्य जबाब लिहून घेणाऱ्याच्या सरावाचे होते. जी तफावत तिच्याविरुद्ध वापरली जात होती, तिच्यामुळेच तिच्यावरचा विश्वास वाढला.

वागण्याविषयीचे युक्तिवाद आजही होतात. ती ओरडली का नाही, दुसऱ्या दिवशी कामावर कशी गेली, त्याच माणसाला संदेश का पाठवला, छायाचित्रात हसताना का दिसते, असे प्रश्न उलटतपासात आणि अपिलात येतात. मे २०२१ मध्ये म्हापसा येथील अतिरिक्त सत्र न्यायालयाने एका बहुचर्चित खटल्यात दिलेल्या ५२७ पानी निर्दोष निकालात पीडितेच्या घटनेनंतरच्या वागण्याची दीर्घ चर्चा होती. राज्य सरकारने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले, आणि निकालपत्रात पीडितेची ओळख पटेल असे जे उल्लेख होते ते काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाने आधी दिला. त्या खटल्याच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. परंतु आघात झालेली व्यक्ती अशीच वागते असा कोणताही साचा कायद्यात नाही, हे मी निःसंदिग्धपणे सांगते. मार्च २०२१ च्या अपर्णा भट निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या अशा ठरीव कल्पना आदेशांत आणू नयेत, असे सर्व न्यायालयांना बजावले आहे. पूर्वचारित्र्याचा मुद्दा तर कायद्यानेच बंद केला आहे. ‘चारित्र्यहीन’ म्हणून तिची विश्वासार्हता पाडण्याची मुभा देणारे पोटकलम २००३ साली गेले, आणि २०१३ नंतर संमतीच्या प्रश्नावर तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव गैरलागू ठरला. दोन बोटांची चाचणी, म्हणजे स्त्रीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांविषयी अनुमान काढण्यासाठी केली जाणारी शारीरिक तपासणी, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नाकारली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे सांगितले.

जखमा नसणे हे एकट्याने निर्णायक नाही. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानू नये, हे बलात्काराच्या व्याख्येच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तपासणी उशिरा झाली असेल तर खुणा न मिळणे स्वाभाविकच असते. तक्रारीला लागलेल्या विलंबाचेही तसेच आहे: विलंब किती दिवसांचा यापेक्षा त्याचे कारण काय हे पाहिले जाते. हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात मुलीने घरातल्याच माणसाविरुद्ध सुमारे ३ वर्षांनी तोंड उघडले होते, तरी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवून उच्च न्यायालयाने रद्द केलेली दोषसिद्धी पुन्हा कायम केली.

हे सर्व वाचून तिची साक्ष आपोआप मान्य होईल असे मात्र आपण समजू नये. एकटीच्या साक्षीवर शिक्षा देता येते, म्हणूनच ती साक्ष अधिक बारकाईने वाचली जाते, आणि आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असताना तसे वाचलेच पाहिजे. राय संदीप खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीदाराचे वर्णन केले आहे: तिचे कथन पहिल्या तक्रारीपासून न्यायालयातील साक्षीपर्यंत एकसंध असावे, कितीही लांब आणि कठोर उलटतपासात ते डळमळू नये, आणि इतर सर्व पुराव्याशी त्याचा मेळ बसावा. त्या खटल्यात पीडिता आणि तिच्या नात्यातील मुलगी स्वतःच पहिल्या तक्रारीपासून फिरल्या होत्या, म्हणून आरोपी सुटले. २००६ सालच्या सदाशिव हडबे खटल्यात दवाखान्याबाहेर माणसे बसलेली असताना आत अत्याचार झाल्याचे कथन एकूण परिस्थितीत संभवनीय वाटले नाही, तिथेही आरोपी सुटला. २००८ सालच्या राजू खटल्यात न्यायालयाने सांगितले की खोट्या आरोपाने आरोपीचेही तितकेच नुकसान होते, आणि प्रत्येक कथन वेदवाक्य मानता येत नाही. आरोपीच्या बाजूने उभी असताना मी हे निकाल वाचून दाखवले आहेत आणि ते योग्यच आहेत असे मानते. साक्षीदार पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह किंवा या दोहोंच्या मधला असतो, असे वादिवेलू तेवर खटल्यात १९५७ सालीच म्हटले आहे. पुष्टीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो मधल्या वर्गात, आणि तिथेही डोळ्यांनी पाहणारा कोणी लागत नाही. त्याच रात्री कोणाला सांगितले, फाटलेला कपडा, फोनवरील संदेश, वेर्णा येथील प्रयोगशाळेचा अहवाल, यांपैकी एखादी गोष्ट पुरते.

अपील कोणत्या दिशेने आले आहे यावरही बरेच अवलंबून असते, आणि ही बाब आपल्या बाजूची आहे. खालच्या न्यायालयाने आरोपीला सोडले असते आणि सरकार अपिलात गेले असते, तर त्याच्या निर्दोषत्वाचे गृहीतक दुप्पट बळकट झाले असते. पुराव्यावरून दोन मते शक्य असतील तर खालच्या न्यायालयाचे मत बदलू नये, असे चंद्रप्पा खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सूत्ररूपाने मांडले आहे. तरी अशी अपिलेही यशस्वी होतात. हणजूण किनाऱ्यावर २००८ साली मृतावस्थेत सापडलेल्या परदेशी मुलीच्या खटल्यात बाल न्यायालयाने २०१६ साली दोघांनाही सोडले होते, आणि गोव्यातील उच्च न्यायालयाने २०१९ साली त्यांतील एकाला दोषी ठरवून १० वर्षांची शिक्षा दिली. तिथे तर साक्ष द्यायला मुलगीच उरली नव्हती. आपल्या बाबतीत दोषसिद्धी झालेली आहे. उच्च न्यायालय सर्व पुरावा नव्याने वाचेल आणि तसे वाचणे त्याचे कर्तव्यच आहे, परंतु मुलीला प्रत्यक्ष पाहून तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या न्यायाधीशांचे मत त्याच्यासमोर असेल, आणि ते बाजूला सारायचे तर तसे ठोस कारण द्यावे लागेल.

अपील सुनावणीला येण्यापूर्वी शिक्षा स्थगित करून जामीन मागणारा अर्ज बहुधा आधी येईल. अपील अनेक वर्षे रेंगाळण्याची शक्यता असते म्हणून कधी कधी असा जामीन मिळतो. तसे झाले तर न्यायालयाने मुलीवर अविश्वास दाखवला असा अर्थ घरात कोणी काढू नये आणि तिलाही तसे वाटू देऊ नये. त्या टप्प्यावर साक्षीचे सखोल मूल्यमापन होत नाही. या सुनावणीत पीडितेच्या वतीने म्हणणे मांडता येते, कारण खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिला ऐकून घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केला आहे. वकील करणे परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मागावा. अपिलाच्या कोणत्याही कागदावर तिचे, आपले किंवा गावाचे नाव ओळख पटेल अशा रीतीने येत असेल, तर ते झाकण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.

वकिलांकडे जाताना तीन कागदांच्या प्रमाणित प्रती न्याव्यात: तिच्या साक्षीची उलटतपासासह, दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या जबाबाची आणि निकालपत्राची. साक्षीची इंग्रजी प्रत कोकणी चांगली जाणणाऱ्या वकिलांनी एकदा ओळीओळीने वाचावी, आणि जिथे शब्द खटकेल तिथे पेन्सिलीने खूण करून ती बाब सरकारी वकिलांच्या नजरेस आणून द्यावी. या भेटीला पुतणीला सोबत नेण्याची गरज नाही.